मायच्या डोक्यातल्या नसेला फुगा निघाला, डॉक्टर जाळी टाका म्हणतात. काय करावं?

धुऱ्यावरचा | १८ नोव्हेंबर २०२४, रात्री ११:४०

एरवी मी इथे कापसाच्या भावावरून आणि राजकारणावरून भांडत असतो. आज काम वेगळं आहे. परवा मतदान, गावात भोंगे सुरू आहेत, आणि आमच्या घरात आठ दिवसांपासून कोणी कोणाशी धड बोलत नाही.

माय, वय ५६. बीपीची गोळी चालू, बाकी ठणठणीत. वेचणीच्या वेळी धुऱ्यावरून पाय घसरला आणि डोकं दगडावर आपटलं. एक उलटी झाली म्हणून यवतमाळला नेलं, सीटी स्कॅन केला. मार लागल्याचं काही निघालं नाही, पण एका नसेजवळ गोल काहीतरी दिसतंय, अँजिओ करून घ्या म्हणाले. नागपूरला आधी सीटी अँजिओ, मग डीएसए, म्हणजे नसेत तार घालून, रंग सोडून काढलेले एक्स-रे. रिपोर्ट असा: डाव्या आतल्या कॅरोटिडवर (मानेतून मेंदूकडे जाणारी धमनी), डोळ्याच्या धमनीच्या फाट्याजवळ, ९ मिमीचा ॲन्युरिझम, म्हणजे नसेचा फुगा, फुटलेला नाही, मान रुंद, ४.८ मिमी. (बाबांनी 'मान रुंद' ऐकलं आणि म्हणाले, मान तर चांगली आहे तिची, भारे वाहते. ही फुग्याची मान आहे, हे समजावता समजावता बस निघून गेली.)

डॉक्टरांनी तीन रस्ते सांगितले. नुसतं लक्ष ठेवा, दरवर्षी तपासणी करा. नाहीतर कवटी उघडून फुग्याच्या मानेला क्लिप लावा. नाहीतर मांडीतून तार घालून नसेत बारीक जाळीची नळी बसवा, तिला फ्लो डायव्हर्टर म्हणतात. त्यांचा कल जाळीकडे. अंदाज ६ लाख ८० हजार. आमची चार एकर कोरडवाहू. कापसाचा हमीभाव क्विंटलला ७५२१ आणि गावात येणारा खरेदीवाला ६८०० च्या वर सरकत नाही. तुम्हीच हिशेब करा.

बाबा म्हणतात, दुखत नाही, खुपत नाही, कशाला हात लावता? पण माझ्या डोक्यातून मामा जात नाही. १९९८ मध्ये, वखर हाकता हाकता, 'डोकं फुटलं वो' असं ओरडून तो तासातच पडला आणि गेला. ४१ वर्षांचा होता. सगळं गाव म्हणालं, पान लागलं, म्हणजे साप चावला. पायावर दाताची खूण मात्र कोणाला सापडली नव्हती. मी नऊ वर्षांचा होतो, खूण शोधणाऱ्यांत मीही होतो.

कोणी यातून गेलं असेल तर लिहा. फॉरवर्ड नकोत, प्लीज.

कापूसकोंड्या | १८ नोव्हेंबर, रात्री ११:५८

भाऊ, डोक्याचं ऑपरेशन आन् मांडीतून? हे तं घराचं दार यवतमाळले आन् चावी नागपूरले असं झालं. मले काही समजत नाई, पण मायची काळजी घे. बाबाईले जरा दमानं घे, त्यायचंबी मन घाबरून रायलं असन.

रेडिओलॉजीवाला | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

कापूसकोंड्या, उपमा बरोबर आहे, फक्त रस्ता खरोखरच आहे. जांघेतली किंवा मनगटातली धमनी वर महाधमनीला मिळते, तिथून कॅरोटिड, तिथून मेंदू. तार आतल्या आत जाते. कुठे काही फाडावं लागत नाही.

धुऱ्यावरचा, मी रेडिओलॉजिस्ट आहे, मूळचा वाशिमकडचा. तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

शंभर प्रौढांत साधारण तिघांच्या डोक्यात असा फुगवटा असतो आणि बहुतेकांचा जन्मभर फुटत नाही. म्हणून बाबांचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. आमच्या कॉन्फरन्समध्येही यावरच भांडणं होतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, मेंदूच्या पुढच्या बाजूच्या नसांवरचे ७ ते १२ मिमीचे फुगवटे पाच वर्षांत फुटण्याचं प्रमाण २.६ टक्के होतं. ७ च्या खालचे जवळजवळ फुटलेच नाहीत. आईंचा ९ चा आहे, म्हणजे कुंपणावरचा. ५६ वय म्हणजे पुढे पंचवीस-तीस वर्षं धरायची. त्यात बीपी. दुसऱ्या पारड्यात हे ठेवा की फुटला तर तिघांतला एक तरी जातो आणि वाचलेल्यांतले कित्येक पूर्वीसारखे राहत नाहीत.

मामांबद्दल काहीच ठरवता येणार नाही. अचानक डोकं फुटल्यासारखं दुखून तासात जाणं ॲन्युरिझमला शोभणारं आहे, एवढंच म्हणतो. आई-बाप, भावंडं, मुलं यांत दोघांना असेल तर घरातल्या बाकीच्यांची तपासणी करा असं आम्ही सांगतो. इथे पक्का एक आणि संशयाचा एक. डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता जाळी. स्टेंट म्हटलं की लोकांना हृदयाचा आठवतो. तो चिंचोळी नस फुगवून उघडी ठेवतो. इथे नस उघडीच असते, काम उलटं आहे. आणि मेंदूतही दोन तऱ्हेच्या जाळ्या आहेत. एक विरळ, शेताच्या तारेच्या जाळीसारखी: फुगवट्यात प्लॅटिनमची वेटोळी, म्हणजे कॉइल, भरायची आणि ती बाहेर नसेत घसरू नयेत म्हणून तोंडाशी ही जाळी. मान रुंद असली की नुसत्या कॉइल टिकत नाहीत. दुसरी दाट, फवारणी पंपाच्या गाळणीसारखी, तीच फ्लो डायव्हर्टर. हिच्यात बहुधा फुगवट्यात काही भरायचंच नाही. मुख्य नसेतून रक्त सरळ पुढे जातं, जाळीआड फुगवट्यात शिरणारी धार मंदावते, रक्त डबक्यासारखं थांबतं आणि साकळतं. मग महिन्यामहिन्यांत जाळीवर नसेचं आतलं अस्तर चढत जातं. पाटाला भगदाड पडलं तर आपण भगदाडात माती टाकतो. इथे पाटच आतून नवा बांधायचा.

म्हणजे ऑपरेशनच्या दिवशी फुगा 'गेला' असं होत नाही. ६ ते १२ महिने लागतात. ही गोष्ट घरी सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर नंतर 'एवढे पैसे घातले आणि फुगा तिथेच' असं सुरू होतं.

मावळतीची_आत्या | १९ नोव्हेंबर, दुपारी १:२२

मला बाबांचं पटतं. आमच्या ओळखीत धडधाकट बाईला नेलं आणि खाटेवर परत आणलं. नवीन नवीन खुळं काढतात आणि प्रयोग गरिबांवर. बीपी सांभाळा, देवाचं नाव घ्या.

रेडिओलॉजीवाला | १९ नोव्हेंबर, दुपारी २:४०

आत्या, तुमची भीती खोटी म्हणणार नाही. नसेत जाळी टाकताना गुठळी होऊ शकते, नस फाटू शकते. साधारण याच मापाच्या, १२ मिमीपर्यंतच्या फुगवट्यांवर अमेरिकेत आणि कॅनडात १४१ लोकांचा अभ्यास झाला. वर्षभरात चारातले तीन पूर्ण बंद झाले, मोठा अपाय किंवा मृत्यू दोन टक्क्यांच्या आसपास. पण ते निवडक हातांतलं प्रमाण. म्हणून ज्यांच्याकडे करणार त्यांना सरळ विचारा की तुम्ही अशा किती केल्या. चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही.

आणि खूळ तितकं नवं नाही. क्लिप १९३७ पासून आहे, बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडींनी पहिली लावली. सुटणारी कॉइल इटलीच्या गुग्लिएल्मींनी १९९० च्या सुमारास आणली. दाट जाळीला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. क्लिप आजही उत्तम आहे, काही जागांना तीच लागते. डोळ्याच्या धमनीजवळ मात्र हाड घासावं लागतं आणि नजरेची नस शेजारीच असते, त्यामुळे तिथे बरेच जण जाळीकडे वळतात.

संत्रागल्ली | १९ नोव्हेंबर, रात्री ९:०५

वरूड तालुक्यातून लिहितोय. आमचा फुटलेला होता म्हणून सांगतो.

बायको, तेव्हा ४४ ची. सकाळी चहा ठेवता ठेवता खाली बसली. म्हणाली, कोणी डोक्यात मुसळ घातलं. घाम, उलटी. जवळच्या एका दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. दुपारपर्यंत मान ताठली, उजेड सहन होईना. रात्री परत तसंच, या वेळी शुद्ध गेली. १०८ ने अमरावती, तिथून नागपूर. नंतर कळलं की पहिल्या चोवीस तासांतच पुन्हा फुटायची भीती सर्वांत जास्त असते आणि ते तास आम्ही घरी काढले. ते इंजेक्शन देणाऱ्यावर मी आजही रागावलेलो आहे. पण खरं सांगायचं तर मलाही ते पित्तच वाटलं होतं.

तिला नुसत्या कॉइल भरल्या, जाळी नाही. मी विचारलं तर म्हणाले, जाळी टाकली की रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या लागतात, आणि जिथे आत्ताच रक्त सांडलंय तिथे त्या शक्यतो टाळतो. मग २१ दिवस दर चार तासांनी निमोडिपिन, मेंदूच्या नसा आकसून त्रास होऊ नये म्हणूनची गोळी. रात्री २ ला, पहाटे ६ ला. मोबाइलमध्ये लावलेला तो गजर अजून कुठे वाजला की माझ्या पोटात गोळा येतो.

आज ती चालते, बोलते, स्वयंपाक करते. भाजीत मीठ दोनदा पडतं किंवा पडतच नाही. आम्ही गुमान खातो.

भाऊ, तुझ्या आईचा न फुटता सापडला. विचार करायला तुला वेळ मिळाला, आम्हाला तो मिळाला नव्हता.

पुण्यातला_अकोलेकर | २० नोव्हेंबर, सकाळी ८:३०

(मतदान करून या सगळ्यांनी.)

सीडी घेऊन दुसरं मत घ्या. नुसता कागदी रिपोर्ट नको, डीएसएची सीडी. आणि आपल्याकडेही या जाळीवर काम झालं आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने देशी फ्लो डायव्हर्टर बनवला, त्यासाठीचं नितिनॉल (निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू) बंगळुरूच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेचं. २०२० मध्ये ते तंत्रज्ञान पुण्यातल्या एका कंपनीकडे दिलं गेलं. बाहेरून येणारी जाळी लाखांच्या घरात जाते, म्हणून हा खटाटोप. तुमच्या डॉक्टरांना विचारा, कुठली जाळी आणि का.

जडीबुटी_दादा | २० नोव्हेंबर, सकाळी १०:१५

अर्जुनसालीचा काढा रोज सकाळी उपाशीपोटी. नस मजबूत होते. चीरफाड कशाला?

सिस्टर_सेवाग्राम_रोड | २० नोव्हेंबर, सकाळी ११:०२

दादा, काढ्याने नसेतला फुगा बसत नाही. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असताना कोणताही काढा डॉक्टरला न सांगता घेऊ नये. एवढंच बोलते.

धुऱ्यावरचा बेटा, मी बावीस वर्षं कॅथलॅबमध्ये, म्हणजे नसेत तार घालून उपचार करतात त्या खोलीत, काम करून आता घरी बसले आहे. नस, फुगा हे डॉक्टर सांगतील. मी तुला उरलेलं सांगते.

ऑपरेशनच्या पाच-सात दिवस आधी दोन गोळ्या सुरू होतात, ॲस्पिरिन आणि बहुतेक वेळा क्लोपिडोग्रेल. आपल्याकडे बऱ्याच लोकांच्या अंगात क्लोपिडोग्रेल नीट लागूच पडत नाही, पिंडच तसा असतो. त्यासाठी रक्ताची एक तपासणी असते. ती करता का, हे विचार. नाही लागू पडली तर दुसरी गोळी आहे.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं. डाय, म्हणजे एक्स-रेत नस दिसावी म्हणूनचा रंग, अंगात जातो, म्हणून किडनीची तपासणी आधी, नंतर पाणी भरपूर. मांडीतून केलं तर काही तास पाय सरळ ठेवायचा. आपल्या बायका तिथेच गडबड करतात, 'जरा बसते' म्हणून पाय दुमडतात आणि जांघेत रक्ताची गाठ धरते. तिच्याजवळ थोडी कडक बाई बसव. सून नको, सून 'पाय दुमडू नका' म्हणू शकत नाही. बहीण बसव.

आणि खरं काम घरी आल्यावर आहे. जाळी म्हणजे रक्ताच्या वाटेत परकं लोखंड. अस्तर चढेपर्यंत रक्त तिच्यावर गोठायला टपलेलं असतं, त्याला त्या दोन गोळ्या अडवून धरतात. सहा महिने दोन्ही, मग डॉक्टर सांगतील तशी एक, ती बहुधा पुढेही चालूच. गोळी चुकली तर काय होतं ते मी पाहिलं आहे. तुमच्या गावाला मेडिकल किती लांब? पावसाळ्यात रस्ता बंद होतो का? जाळीचं ठरवण्याआधी याचं उत्तर काढ.

हिंगणघाट_पॅसेंजर | २० नोव्हेंबर, रात्री १०:४५

सिस्टरताईंनी जे पाहिलं ते आमच्या घरात झालं. लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

काका, ६१. दोन वर्षांपूर्वी कॉइल आणि जाळी दोन्ही टाकल्या. झकास होते. चौथ्या महिन्यात दाढ दुखायला लागली. दातांचे डॉक्टर म्हणाले, रक्त पातळ करायची गोळी घेता ना, ती बंद करून या. काकांनी त्यांनाही विचारलं नाही की किती दिवस, आणि नागपूरला फोनही केला नाही. सहा दिवस दोन्ही गोळ्या बंद. सातव्या दिवशी दाढ काढून आले. आठव्या दिवशी सकाळी चहाचा कप हातातून सुटला. काकूला वाटलं गरम लागला. काका उचलायला वाकले आणि उजवा हात खाली गेलाच नाही. जाळीत गुठळी.

हात निम्मा आला. बोलताना अजून शब्द अडतात. 'खुर्ची' म्हणायचं असतं आणि 'ते बसायचं' म्हणतात. ज्या माणसाने पन्नास वर्षं भजनात पहिली चाल धरली, तो आता मागे बसून टाळ वाजवतो, तोही डाव्या हातात धरून.

दाढ काढायला बंदी नसते. नंतर कळलं की बहुतेक वेळा गोळी न थांबवताही काढता येते, थोडं रक्त जास्त येतं, दाबून ठेवायचं. फक्त जाळी टाकणाऱ्याला विचारल्याशिवाय कोणीच, अगदी कोणीच, ती गोळी बंद करायची नाही.

कापूसकोंड्या | २० नोव्हेंबर, रात्री ११:३०

बाप्पा. वाचून चहा थंडा झाला माया.

एक इचारतो, हसू नका. ते लोखंड आतमधी गंजत नाई का? आन् एमआरआयच्या मशीनीत गेलं तं वढून घेते म्हणतात?

रेडिओलॉजीवाला | २१ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

हसत नाही. या जाळ्या कोबाल्ट-क्रोमियम किंवा निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या असतात, सोबत प्लॅटिनम, म्हणजे एक्स-रेत दिसाव्यात म्हणून. गंजत नाहीत. आणि आजच्या जाळ्या-कॉइल लावलेल्या माणसाचा एमआरआय करता येतो. पेशंटला एक कार्ड देतात, त्यावर जाळीचं नाव आणि नंबर असतो. ते रेशनकार्डासारखं जपा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. भीती असते ती जुन्या काळच्या काही क्लिपांची.

गावाकडच्यांसाठी आणखी दोन गोष्टी, कारण या पुस्तकात कमी आणि प्रत्यक्षात जास्त भेटतात. गुडघे दुखले की आपल्याकडे डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन घेतात. दोन गोळ्या चालू असताना ते नको, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. इबुप्रोफेन तर ॲस्पिरिनचं कामच अडवू शकते. पॅरासिटामॉल चालते. दुसरं, ॲसिडिटीला मेडिकलवाला ओमेप्राझोल देतो, त्याने क्लोपिडोग्रेलचा जोर कमी होतो. पॅन्टोप्राझोल त्यापेक्षा बरी. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी. आई खात नसतील, पण घरात कोण खातं? निकोटिनने बीपी वर जातं आणि फुगवट्याचा वैरी बीपीच. विडी-सिगारेट तर ॲन्युरिझमशी थेट जोडलेली आहे.

धुऱ्यावरचा | २१ नोव्हेंबर, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. डॉक्टरसाहेब, खर्रा मी खातो. आज दिवसभर खाल्ला नाही, उद्याचं माहीत नाही.

पॅसेंजर भाऊ, तुमची पोस्ट मी बाबांना वाचून दाखवली. संत्रागल्लींचीही. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'म्हणजे मीठ कमी पडलं तरी खाऊ आपण.' एवढंच. म्हणजे हो म्हणाले.

आमचं गाव आर्णीपासून १४ किलोमीटर. अरुणावतीला पूर आला की पुलावरून पाणी जातं, एक-दोन दिवस रस्ता बंद. सिस्टर, तुम्ही नेमकं तेच विचारलंत. मी सेतू केंद्र चालवतो, गावातल्या सगळ्यांचे फॉर्म भरतो. मायच्या गोळ्यांचा फॉर्म मात्र कोणी छापलेला नाही.

ताडोबा_बफर | २२ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

पैशांचं. महात्मा फुले जन आरोग्य योजना पाहिली का? आता रेशनकार्ड कोणत्याही रंगाचं चालतं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, नाहीतर १५५३८८ ला फोन लावा. पूर्वमंजुरी आधी घ्यायची, ऑपरेशननंतर काही होत नाही. आणि तुमचा नेमका उपचार कोणत्या पॅकेजात बसतो, जाळीचे किती मिळतात, वरचे किती भरायचे, हे तोंडी ऐकू नका. कागदावर घ्या. तुम्ही सेतूवाले, तुम्हाला काय सांगायचं.

धुऱ्यावरचा | १२ डिसेंबर २०२४, सकाळी ५:१५

मेडिसिन वॉर्डच्या बाहेरच्या पायऱ्यांवर बसून लिहितोय. झालं. ९ तारखेला, सोमवारी.

मंजुरीला नऊ दिवस गेले. काही योजनेतून, काही दवाखान्याच्या समाजसेवा विभागातून, उरलेल्यासाठी कापूस ६९०० ने काढला आणि सोसायटीचं कर्ज तसंच ठेवलं. जास्त लिहीत नाही, तो वेगळा धागा होईल.

सिस्टर, तुम्ही सांगितलेली रक्ततपासणी मी मागितली. रेसिडेंट डॉक्टरने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, तुम्ही मेडिकलला आहात का? म्हटलं नाही, सेतूला. तपासणीत निघालं की क्लोपिडोग्रेल मायला लागूच पडत नव्हती. मग टिकाग्रेलॉर सुरू केली, दिवसातून दोनदा, सोबत ॲस्पिरिन ७५. ती तपासणी झाली नसती तर काय झालं असतं, या विचाराने मला तीन रात्री झोप नाही.

आत दोन तास पंचवीस मिनिटं. डॉक्टरांनी नंतर पडद्यावर दाखवलं. आधीच्या चित्रात फुगा काळाभोर भरलेला. जाळी बसल्यावर तोच फुगा, पण डाय आत शिरून तिथेच रेंगाळतोय, तळाला अर्धचंद्रासारखा साचलेला. बाकी नस मोकळी होऊन गेली तरी तो अर्धचंद्र तिथेच. डॉक्टर म्हणाले, हेच पाहिजे होतं. मला डबकं आठवलं.

शुद्धीवर आल्यावर मायने पहिलं विचारलं, 'सरकी भिजली तं नाई?' तिच्याजवळ मावशी बसवली होती. मावशीने पायावर हातच ठेवला होता, सहा तास.

कापूसकोंड्या | १२ डिसेंबर, सकाळी ७:००

सरकी बाजूले ठेव म्हणा मायले! लय भारी भाऊ. आज मले सावजी खाल्ल्यावानी वाटून रायलं.

धुऱ्यावरचा | ६ जानेवारी २०२५, रात्री ८:१०

घाईत विचारतो. मायला अधूनमधून दम लागल्यासारखं होतं. बसल्या जागी, दोन मिनिटं. आत्या (आमची, इथली नव्हे) म्हणते ती नवी गोळी बाधली, बंद कर. काय करू?

सिस्टर_सेवाग्राम_रोड | ६ जानेवारी, रात्री ८:१६

बंद करायची नाही. टिकाग्रेलॉरने काहींना असा दम लागतो, पण तेच कारण आहे हे तू-मी ठरवायचं नाही. आता लगेच नागपूरला फोन कर, डिस्चार्ज कार्डावर नंबर आहे. छातीत दुखत असेल, ओठ निळे असतील तर १०८. इथे उत्तराची वाट पाहू नकोस.

धुऱ्यावरचा | ६ जानेवारी, रात्री ९:३०

बोललो. त्यांनी आर्णीला ईसीजी करायला लावला, तो पाठवला, ठीक आहे म्हणाले. गोळी चालू ठेवायची, वाढलं तर यायचं. आत्या रागावून तिच्या घरी गेली.

धुऱ्यावरचा | २७ जुलै २०२५, सायंकाळी ६:५०

बऱ्याच जणांनी व्यनि (खासगी निरोप) केले, म्हणून धागा वर काढतो.

जूनमध्ये, पेरणीच्या धांदलीत, सहा महिन्यांची डीएसए झाली. या वेळी मनगटातून. फुगा बराचसा बंद. मानेशी अजून थोडं भरतं, तांदळाच्या कणीएवढं. डॉक्टरांना त्याचं फार वाटलं नाही, मला वाटलं. आणखी तीन महिने दोन्ही गोळ्या, मग एकटी ॲस्पिरिन. वर्ष झालं की पुन्हा बघायचं. माझा खर्रा महिन्यातून दोन-तीनवर आला आहे, पूर्ण सुटला असं लिहिलं तर खोटं होईल.

आता सिस्टरांच्या नोव्हेंबरमधल्या प्रश्नाचं उत्तर. मी मोबाइलमध्ये गजर लावला होता, भिंतीवर तक्ता चिकटवला होता. माय शाळेत गेलेली नाही आणि तक्त्यावर पिठाचे हात पुसायची. मार्चमध्ये तिने स्वतःच काढलेली युक्ती अशी: देवळीत दोन वाट्या. महिन्याच्या पहिल्या दिवशी मी डावीकडच्या वाटीत तुरीचे साठ दाणे मोजून ठेवतो, एका वेळच्या गोळीला एक दाणा. गोळी घेतली की दाणा दुसऱ्या वाटीत. दिवे लागणीच्या वेळी बाबा वाटीत डोकावतात. डावीकडच्या वाटीत दहा दाणे उरले की बाबा काही न बोलता माझ्या केंद्रावर येऊन उभे राहतात आणि मी आर्णीला गाडी काढतो.

या महिन्यात अरुणावती दोनदा पुलावर आली. दुसऱ्या वेळी रस्ता अडीच दिवस बंद होता. वाटीत तेव्हा चौदा दाणे होते आणि डब्यात चौदा गोळ्या. मोजून पाहिलं.

सिस्टर_सेवाग्राम_रोड | २७ जुलै, सायंकाळी ७:२५

अरे, हे मी माझ्या वॉर्डातल्या मुलींना पाठवते. एक सांग, तिला दात-दाढेचा काही त्रास? पॅसेंजरच्या काकांपासून माझ्या डोक्यात तेच बसलं आहे.

धुऱ्यावरचा | २७ जुलै, सायंकाळी ७:३१

चार दिवसांपासून खालची दाढ दुखते आहे. लवंग धरून बसली आहे, काढून टाकू दे म्हणते. उद्या सोमवार, सकाळी आधी नागपूरला फोन, मग दातवाल्याकडे. बाबांनी आजच बजावलं आहे, वाटीतला दाणा हलल्याशिवाय कोणी घराबाहेर पडायचं नाही.